गाण्याखाली छापलेले नाव

सायक्लोस्टाइलच्या शाईला एक ओलसर, तेलकट वास असतो. त्यात थोडे रॉकेल असते, थोडा नव्या वहीचा कागद आणि थोडा कोंडलेल्या खोलीतला घाम. स्टेन्सिलवर टाइप करताना झालेली चूक बुजवायला जो गुलाबी द्रव वापरत, त्याचा झणका मात्र वेगळाच, नखांच्या रंगासारखा, नाकातून थेट कपाळात जाणारा. सरावलीच्या एका चाळीत, दहा बाय दहाच्या खोलीत, हे दोन्ही वास एकमेकांत मिसळून भिंतींना बसले होते. दार उघडले की बोईसरच्या कारखान्यांकडचा आंबूस वारा आत शिरे आणि तोच बरा वाटे. सत्तरच्या दशकाचे अखेरचे दिवस होते. आणीबाणी उठून दोनेक वर्षे झाली होती आणि माणसे पुन्हा मोठ्याने बोलू लागली होती. त्या खोलीत मी माझ्या आयुष्यातले पहिले पुस्तक काढले. सोळा पानांचे होते. त्यावर माझे नाव नव्हते.

मी तेव्हा पालघरच्या कॉलेजात मराठी शिकवत असे. कविता हा माझा विषय आणि कवितेवाचून मला दुसरे फारसे काही येत नव्हते. घर नवापूरजवळच्या एका किनारी गावात. दारापुढे वाडी, वाडीत नारळ, चिकू आणि पानवेली. डोंगरातल्या पाड्यांवरून येणारी माणसे आमच्याकडे दोन-तीन पिढ्या राबत आली होती. घरात त्यांच्यासाठी एकच शब्द होता. ‘काळी आली का?’ ‘काळ्यांना खालच्या टोकाला लावा.’ ‘काळीच ती, त्यांना काय कळतं?’ हे बोलताना आई रागावलेली नसे. दूध तापले का, असे विचारावे त्या सुरात ती विचारी. आमच्या घराचा वर्ण त्यांच्याहून फार उजळ होता असेही नाही. उन्हाळ्यात वाडीतून परतणारे माझे काका आणि त्यांच्यामागून येणारा गडी पाठमोरे सारखेच दिसत. पण तो शब्द एकाच बाजूला जाई. लहानपणी मीही तो वापरला आहे. आज तो नुसता लिहितानाही हात जड होतो.

तो शब्द माझ्या कानाला पहिल्यांदा खुपला तो तारापूरला, वीजकेंद्राच्या वसाहतीत. तिथल्या एका इंजिनिअरच्या पत्नीला मी शनिवारी मराठी शिकवायला जात असे. त्यांच्या आधी त्या घरात एक अमेरिकन कुटुंब राहून गेले होते आणि जाताना एक रेकॉर्ड प्लेअर व रेकॉर्डांचे खोके मागे ठेवून गेले होते. धडा संपला की बाई चहा टाकत आणि मी खोक्यात हात घालून जी येईल ती रेकॉर्ड लावी. एके दिवशी हाती आली ती अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय बायकांची. चर्चमध्ये गायची गाणी त्या आपल्या हक्कांसाठी रस्त्यावर गात होत्या. वाद्य जवळजवळ नव्हतेच. टाळ्या होत्या, लाकडी जमिनीवर आपटणारे पाय होते आणि सुईची खरखर. एक बाई ओळ टाकी, उरलेल्या ती उचलत. तिची ओळ संपायच्या आतच त्यांची सुरू होई, त्यामुळे गाण्याला श्वास घ्यायला जागाच उरत नसे.

इंग्रजी शब्द मला निम्मेच कळत होते. पण तिसऱ्या फेरीला ओळख पटली, हे मी ऐकलेले होते. आमच्या खाचरात आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायका अशाच गात. बांधावर छत्री घेऊन बसलेली मी ते आठ-दहा वर्षांची असताना ऐकले होते आणि चिखलाच्या वासासारखे विसरूनही गेले होते.

“ह्यांना बसमध्ये पुढे बसू देत नसत,” इंजिनिअरच्या पत्नी चहाचा कप माझ्यापुढे सरकवत म्हणाल्या. “बसल्या तर पोलीस नेत. मग गात गात तुरुंगात जायच्या म्हणे.”

“गात?”

“गात. भीती घालवायला असेल.”

संध्याकाळी बोईसरहून परतताना एस.टी.त पाहिले. मागची चार बाके रिकामी होती आणि दाराशी, खालच्या पत्र्यावर, डोंगरातल्या तीन बायका टोपल्या मांडीत घेऊन बसल्या होत्या. त्यांना कुणी उठवले नव्हते. कंडक्टरला काही सांगावेही लागले नव्हते. आपण हे रोज पाहत होतो, हे मला त्या दिवशी दिसले.

रेकॉर्डच्या वेष्टणावर एका पुरुषाचे नाव ठळक अक्षरांत होते. यंत्र घेऊन गावोगाव हिंडून गाणी टिपणारा तो. गाणाऱ्यांचा उल्लेख नुसता ‘गावातील स्त्रिया’ असा. ते वाचून मी फार संतापले. कविता शिकताना आम्हाला पहिला प्रश्न शिकवला होता तो कवी कोण हा. मनाशी ठरवून टाकले की कधी असे काही आपल्या हातून निघाले, तर गाणारीचे नाव आधी येईल.

ती संधी लवकरच आली. डोंगरातल्या माणसांची एक संघटना जंगलातल्या कसायच्या प्लॉटांसाठी आणि गवतकापणीच्या मजुरीसाठी उभी राहत होती. तिची एक कार्यकर्ती, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, हसताना मान मागे टाकणारी बाई, कॉलेजात मला भेटायला आली.

“तुम्हाला लिहिता येतं,” ती म्हणाली. “आमच्या बायकांना गाता येतं. फाल्गुनात मोर्चा आहे. मधल्या पाड्यांवर गाणी पोचायला हवीत. एक पुस्तिका करून द्या की.”

अशी मी वही घेऊन डोंगराच्या कुशीतल्या एका पाड्यावर गेले आणि धवलेरी मला भेटली.

धवलेरी म्हणजे वारल्यांच्या लग्नात गाणारी बाई. पण एवढ्याने सांगून भागत नाही. भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक रेखला जातो, मांडव पडतो, पण धवलेरी गाईपर्यंत लग्न लागत नाही. मंत्र म्हणायचे ते तीच म्हणते आणि ते सगळे गाण्यात असतात. त्या खोऱ्यात दोनच धवलेऱ्या होत्या. त्यातली एक आदल्या पावसाळ्यात मरण पावली होती, म्हणजे उरलेली ही एकच. पन्नाशीची असावी. आवाज गोड नव्हता. विहिरीच्या ओल्या दोरावरून भरली कळशी वर येताना जो कणखर, कुरकुरता नाद होतो, तसा होता, आणि तो थांबला की कानाला रिकामे वाटे. मला ती सुरुवातीपासून ‘बाय’ म्हणाली. मी तिला ‘तुम्ही’ म्हणे, त्यावर सगळा पाडा हसे.

लग्नात दुसऱ्या बाजूच्या पाहुण्यांना गाण्यातून छळायची त्यांच्यात रीत आहे. व्याही आला की त्याला गाण्यात बांधतात, चिखलात लोळवतात, त्याच्या टोपीत राख भरतात. तो जितका चिडेल तितके गाणे रंगते. हाच साचा घेऊन बायकांनी मोर्चाची गाणी केली होती. व्याह्याच्या जागी जंगलखात्याचा गार्ड बसवला होता, जो दर फेरीला दारातला कोंबडा मागून नेई.

आला गं आला रानाचा सायब
कोंबडा मागतो, कोंबडा
देऊ गं देऊ, पानी पाजू
बांधू वाकड्या आंब्याला

धवलेरीने ओळ टाकली, भोवतीच्या बायकांनी उचलली आणि माझी पेन्सिल मागे पडली. प्रत्येक फेरीला शब्द थोडे हलत. मी थांबवून विचारी, “आत्ता म्हणालात ते बरोबर की आधीचं?” ती म्हणे, “दोनी.”

“पण हे रचलं कुणी?”

तिने शेजारणीकडे पाहिले. शेजारीण हसली. “रचायचा काय ह्यात? आला तसा गायला.”

“तुम्हीच ना पहिल्यांदा?”

“मी पयली तोंड उघडते. मग सगल्याच उघडतात.”

मी ते उत्तर विनय समजले. सोळा पानांत सात गाणी बसली. जंगलगार्डाच्या गाण्याखाली उजव्या कोपऱ्यात, अधोरेखित करून, मी तिचे संपूर्ण नाव टाइप केले. नवऱ्याचे नाव, आडनाव, पाडा, गाव, तालुका. कवितासंग्रहात असते तसे. शेवटच्या अक्षराशी चूक झाली, ती गुलाबी द्रवाने बुजवून पुन्हा टाइप केली.

मशीन फिरवणारा गृहस्थ कापडाच्या कारखान्यात पाळी करून तिथे येत असे. उत्तरेकडचा, पांढऱ्या मिशांचा. त्याने पहिली प्रत उजेडात धरली आणि म्हणाला, “मॅडम, नाम डालना ज़रूरी है? हम लोग पर्चे में नाम नहीं डालते.”

“पर्चा वेगळा, भाईसाहेब. ही कविता आहे.”

“कविता है तो ठीक है,” तो म्हणाला आणि हँडल फिरवू लागला.

मोर्चा निघाला, पुस्तिका वाटल्या गेल्या, गाणी खोऱ्याखोऱ्यांत गेली. मी फार आनंदात होते. तीन आठवड्यांनी, चैत्र लागता लागता, कार्यकर्ती भर तासाला वर्गाच्या दाराशी येऊन उभी राहिली. त्या दिवशी तिची मान मागे गेली नाही.

“धवलेरीला पोलिसांनी उचललं,” व्हरांड्यात ती म्हणाली. “गार्डाने तक्रार केली आहे. गाण्यात झाडाला बांधायची धमकी आहे म्हणे.”

“पण ते गाणं तर शंभर बायका गातात.”

“शंभर बायकांचं नाव नाही छापलेलं.”

ती हे रागाने म्हणाली नाही, म्हणून ते अधिक लागले. पुढचे तिने उभ्या उभ्या सांगितले. शांतताभंगाच्या भीतीची चॅप्टर केस लावली होती. शांतता राखण्याच्या हमीपत्रावर अंगठा दिला तर त्याच दिवशी सोडणार होते. पण हमीपत्रात एक ओळ होती की वर्षभर कुठल्याही जमावापुढे गाणार नाही. धवलेरीने ते कारकुनाकडून वाचून घेतले आणि अंगठा पदराखाली लपवला. मांडवात जमाव असतोच. वर्षभर गाणार नाही म्हणजे वर्षभर त्या खोऱ्यात लग्न लागणार नाही, आणि ती धवलेरी राहणार नाही. तिच्याच पाड्यावर तीन दिवसांनी लग्न होते. मांडवात बसायचे होते त्या जोडप्याला दोन मुले झालेली होती. तशी पद्धत आहे, जमेल तेव्हा लग्न लावतात. ती दोघे आणि त्यांची मुले तहसील कचेरीच्या आवारात झाडाखाली येऊन बसली होती, बरोबर निम्मा पाडा.

“सुनावणी परवा आहे,” कार्यकर्ती म्हणाली. “ते नाव तिथे कसं आलं, हे सांगणारं कुणी हवं.”

घरी मी हे जेवताना सांगितले. बाबांनी घास ताटात परत ठेवला.

“तू तिथे जाऊन काय सांगणार? की हे चोपडं मी काढलं?”

“हो.”

“सरकारच्या दारात उभं राहून? कॉलेज उद्या घरी बसवेल. आणि कशासाठी, तर काळ्यांच्या गाण्यासाठी?”

“तो शब्द नको, बाबा.”

“कुठला शब्द?” त्यांनी खरोखरच न कळून विचारले.

आईने माझ्या ताटात आमटी वाढली आणि म्हणाली, “जाणार असशील तर नीट पातळ नेस. तिथे तोंडाकडे कमी आणि कपड्याकडे जास्त बघतात.” हा तिचा होकार होता की काय, ते मला अजून ठरवता आलेले नाही. पण मी तिचे निळ्या काठाचे पातळ नेसून गेले.

कचेरीचे दालन अरुंद होते. दौतीची शाई, जुन्या फडक्यात बांधलेली कागदपत्रे आणि वर गरगरणारा पंखा. खिडकीला गज, गजांबाहेर आवार, आणि आवारात बसलेल्या बायकांचे कुजबुजणे आत येत होते. धवलेरीला दोन हवालदारांच्या मध्ये उभे केले होते. तीन दिवसांत तिचा चेहरा बारीक झाला होता. मी आत गेले तेव्हा तिने माझ्याकडे पाहिले नाही. मला वाटले, योग्यच आहे.

सुनावणी घेणारे साहेब घाटावरचे असावेत, बोलण्यावरून. चष्मा कपाळावर, पुढ्यात माझी पुस्तिका. त्यांनी ते गाणे मोठ्याने वाचले, सरकारी पत्र वाचावे तसे, सूर न लावता. “देऊ गं देऊ, पानी पाजू. बांधू वाकड्या आंब्याला.” असे वाचल्यावर ते खरोखरच भयंकर वाटले.

“ही पुस्तिका कुणी काढली?”

“मी काढली, साहेब.”

त्यांनी चष्मा खाली घेतला आणि माझ्या पातळाकडे, मग चेहऱ्याकडे पाहिले. “तुम्ही? काय करता आपण?”

“कॉलेजात मराठी शिकवते.”

त्यांनी पुस्तिका उलटीपालटी केली. “छपाई कुणाची, ते नाही. काढली कुणी, ते नाही. तुमचं नाव कुठेच नाही. नाव आहे ते फक्त हिचं, गावपत्त्यासकट.” मग अगदी शांतपणे, “असं का बरं?”

स्वतःचे नाव मी नम्रतेने गाळले होते, निदान तशी माझी समजूत होती. त्या दालनात ती समजूत माझ्या डोळ्यांदेखत गळून पडली.

“हिने मला नाव घालायला सांगितलं नव्हतं,” मी म्हणाले. “मी माझ्या मनाने घातलं. हे गाणं हिचं एकटीचं नाही. कुणाचंच एकटीचं नाही. मला ते तेव्हा समजलं नव्हतं. आणि बांधण्याचं म्हणाल तर ती लग्नातली रीत आहे, साहेब. व्याह्याला असंच छळतात.”

“गार्ड हिचा व्याही कधी झाला?”

गजांबाहेरून एक आवाज आला, “दारचा कोंबडा खाल्ला, मग सोयरा नाय तर कोन?”

आवारात हशा उसळला. हवालदारांपैकी एकाने मिशीवर हात नेला. साहेबांनी टेबलावर पेन आपटले, पण हळू.

“ठीक आहे. ही गाणं म्हणू दे. पहिल्यापासून. कारकून, तुम्ही पुस्तिकेशी ताडून लिहा. काय फरक आहे तो कळू दे.”

धवलेरीने खिडकीच्या गजांकडे पाहिले.

“म्हण ना, बाई. एरवी तर रस्त्यावर म्हणतेस.”

“एकटीना कसा म्हनू?” ती म्हणाली. त्या दालनात मी तिचा ऐकलेला तो पहिला आवाज. “उचलनारी पायजे.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. “तुम्हाला येतं ना? उचला.”

मला सात गाण्यांचा शब्दन्‌शब्द पाठ होता. मी तोंड उघडले आणि जे बाहेर आले ते वर्गातले काव्यवाचन होते, ऱ्हस्व-दीर्घासकट. खिडकीशी बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. “बाय, वाचू नको गं,” कुणी तरी कळवळून म्हणाले. मी थांबले.

तेव्हा धवलेरीने ओळ टाकली. कळशी वर आल्याचा तो नाद. आणि गजांपलीकडून, झाडाखालून, फाटकापासून, ओळ संपायच्या आत ती उचलली गेली. पहिली फेरी पुस्तिकेप्रमाणे झाली. कारकून बोट ठेवून मान डोलावत होता. दुसरी फेरी खिडकीतल्या एका तरुण बाईने सुरू केली.

आला गं आला गवताचा शेट
पेंढा मागतो, पेंढा

“साहेब, हे पुस्तिकेत नाही,” कारकून म्हणाला.

तिसरी फाटकाकडून आली.

आला गं आला मोटारवाला
खाली बस म्हनतो, खाली

“हेही नाही, साहेब.”

“मग लिहू नका.”

“मग काय लिहू, साहेब?”

चौथ्या फेरीत सासू आली आणि तिने लुगडे मागितले. बायकांनी तिलाही त्याच वाकड्या आंब्याला बांधले. इथे साहेबांच्या गालाची कड हलली. त्यांच्या गावी विहिणीवर काय काय गात असत ते त्यांना आठवले असावे. आता ओळ कोण टाकते आणि कोण उचलते, काही कळेना. कारकुनाने टाक दौतीत ठेवून दिला. मी भिंतीला पाठ टेकून उभी होते आणि माझ्या पाठीला ते गाणे भिंतीतून कळत होते.

शेवटची फेरी धवलेरीने स्वतः घेतली. नजर समोर, खुर्चीमागच्या कॅलेंडरवर.

आली गं आली शालेची बाई
नाव मागते, नाव
देऊ गं देऊ, पानी पाजू
बांधू वाकड्या आंब्याला

आवार नुसते फुटले. हवालदार उघड हसला. माझे कान तापले, डोळ्यांत पाणी आले आणि मीही हसत होते, हे मला थोड्या वेळाने कळले. साहेबांनी रुमाल काढून चष्मा पुसला. त्यांना बराच वेळ पुसावा लागला.

“बास,” ते म्हणाले. “बास आता. मला एक सांगा, हे गाणं कुणाचं?”

“आमचा,” खिडकीतून पाच-सहा जणी म्हणाल्या.

“केलं कुणी?”

“करायचा काय? हाय ता.”

साहेब कारकुनाकडे वळले आणि सांगू लागले, “लिहा. सदर गीत पारंपरिक वळणाचे असून त्यास विशिष्ट कर्ता असल्याचे दिसून येत नाही. सदर महिलेचे नाव आपण स्वतःहून घातल्याचे पुस्तिका काढणाऱ्या व्यक्तीने कबूल केले आहे. सबब हमीपत्राची आवश्यकता नाही.” मग मला, “आपण हे सगळं स्वतःच्या हाताने लिहून द्या. आणि बाई, खाली आपलं नाव घाला. संपूर्ण. वाचता येईल असं.”

मी लिहिले. वडिलांचे नाव, आडनाव, गाव, तालुका. इतके स्वच्छ अक्षर मी परीक्षेतही काढले नव्हते.

पुढे कॉलेजने माझ्याकडून खुलासा मागवला, मी तो दिला आणि प्रकरण दोन पत्रांत मिटले. बाबा महिनाभर माझ्याशी कामापुरते बोलले. पण हे सारे नंतरचे. त्या दुपारी सही करून पेन खाली ठेवले तेव्हा छातीवरचा दगड कुणी तरी दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवावा तसे वाटले. इतके हलके की पायऱ्या उतरताना मी कठडा धरला. बाहेर ऊन पांढरे पडले होते. लग्नाची नवरी नळावर आपल्या धाकट्याचे तोंड धूत होती आणि नवरदेव थोरल्याला खांद्यावर घेऊन कुणाला तरी सांगत होता, “उद्याचा नाय चुकला, नाय चुकला.” कार्यकर्ती फाटकाशी मान मागे टाकून हसत होती.

झाडाखाली बायकांनी फडकी सोडली होती. नाचणीची भाकरी, भाजलेले सुके बोंबील, हिरव्या मिरचीचा ठेचा. धवलेरी हातपाय धुऊन येऊन मधोमध बसली होती आणि पहिल्यांदाच थकलेली दिसत होती. मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. कचेरीत बसल्या बसल्या मी तीन वाक्ये तयार केली होती, माफी मागणारी, नीट घडवलेली. पहिल्या वाक्याची सुरुवात “माझ्या अजाणतेपणामुळे” अशी होती. तिथपर्यंतच मी पोचले.

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले. त्या दिवशी पहिल्यांदा. उन्हाने तिचे डोळे बारीक झाले होते. शेजारणीची टोपली तिने हाताने बाजूला सारली, मातीवरचा पाचोळा झाडला, हातातल्या भाकरीचे दोन तुकडे केले आणि मला विचारले,

“जेवली?”